बोटीत पुढे बघणारा

जेवणानंतर अर्धा तास पडायची गर्गे सरांची सवय जुनी आहे, पण आज काही केल्या अंग टेकत नाही. डाव्या कुशीवर होतात, मग उजव्या, मग पुन्हा पाठीवर. छातीवर फाईल आहे, फाईलची लाल नाडी सुटलेली आहे, आणि तिची दोन्ही टोकं त्यांच्या बोटांत आहेत.

"अहो, ती फाईल तरी उतरवा छातीवरून," दारातून कुमुदताई म्हणतात.

"वाचतोय."

"डोळे मिटून?"

सर डोळे उघडतात. खोटं बोलायचं म्हटलं तरी थोडा आवाज लागतो.

चार वाजता बैठक आहे. विद्यापीठाच्या क्रीडा समितीत तीन माणसं. शारीरिक शिक्षण विभागाच्या संचालक डॉ. मृणाल आहेर, वित्त विभागाचे सोनजे, आणि बाहेरचा सदस्य हवा म्हणून निवृत्त ग्रंथपाल विश्वनाथ गर्गे. सर कुठल्याही समितीवर चालतात, कारण ते फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि वाचून गप्प बसतात. ठराव असा आहे की मुलांचे तीन लहान संघ बंद करायचे : नौकानयन, वेटलिफ्टिंग आणि जिम्नॅस्टिक्स. पैसा आटला आहे. शिवाय मुलींचे संघ मुलांच्या निम्मेसुद्धा नाहीत आणि दोन्ही पारडी सारखी करायची आहेत.

यातलं मुलींचं गाऱ्हाणं खोटं नाही. सोमवारच्या बैठकीत आहेर बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "सर, अठराव्या वर्षी मी बोट क्लबवर एक अख्खा हंगाम वल्ही पुसली. बोटीत एकदाही बसले नाही." पण पान सतरावर, तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ आहे. संघ बंद झाल्यावर चारही बोटी भंगारात काढाव्यात. मुलींना बोट द्यावी असं फाईलभर कुठेही नाही. म्हणजे मुलांचं जाणार आणि मुलींना काही मिळणारही नाही, फक्त कागदावरची पारडी सारखी दिसणार. सरांनी ती ओळ सोमवारीच पाहिली होती. तोंडही उघडलं होतं. तोंडातून "कदाचित" एवढंच बाहेर आलं. सोनजे म्हणाले, "काय म्हणालात सर?" सर म्हणाले, "काही नाही." आज सह्या आहेत.

आपल्यालाच वाचता आलं नसेल, असं सरांना वाटतं. मागच्या एखाद्या परिपत्रकात मुलींच्या बोटीची सोय असेलही. बाकीची दोघं त्यातली जाणकार, आपण पुस्तकांवर क्रमांक टाकणारे. पंखा एक फेरा घेतो आणि किरकिरतो. दुसरा फेरा, दुसरी किरकिर. ओढ, सोड. ओढ, सोड. नाडी बोटांभोवती गुंडाळली जाते, एक वेढा, दोन वेढे, आणि मग ती ओली लागते.

ओलीच असणार. सुकाणूच्या दोऱ्या कोरड्या कशा राहतील?

सर बोटीच्या शेपटाला बसले आहेत, गुडघे छातीशी घेऊन. समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, मुरलीधर बोडके बसला आहे आणि वल्हं ओढतो आहे. मुरली तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या दहाव्याला सर घाटावर सगळ्यांच्या मागे उभे होते आणि कुणाला न भेटता परत आले होते. हे त्यांना आठवतं, पण आत्ता ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही. मुरली बावीस वर्षांचा आहे. डोळ्यांवर मात्र म्हातारपणीचा चष्मा आहे, एक काडी दोऱ्यानं बांधलेला.

"आलास का भोंग्या," मुरली म्हणतो.

बोटीत चार जण वल्हवतात आणि चौघांची पाठ पुढच्या दिशेला असते. कुठे चाललो ते त्यांना दिसत नाही. पाचवा असतो कॉक्स. तो हलका लागतो, म्हणून बेचाळीस किलोच्या गर्ग्याला पकडून आणला होता. कॉक्सच्या हाती सुकाणूच्या दोऱ्या, आणि तोच एकटा पुढे बघणारा. त्यानं हाका द्यायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या. वर्गात हजेरी देताना ज्याचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नसे, त्याची हाक धरणाच्या फुगवट्यावर या काठापासून त्या काठापर्यंत जायची. म्हणून भोंगा. बोटीवरची ती दोन वर्षं सोडली तर जन्मात त्यांना कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही.

"तू कसा आहेस?" सर विचारतात.

"मेलेल्याला काय विचारतोस? हाक दे. सुस्त पडलीय बोट."

सर "ओढ" म्हणतात. पुटपुटल्यासारखंच येतं.

"हे काय, देवळात आलास का?"

पाणी आता अरुंद झालं आहे. दोन्ही बाजूंना काठ नाहीत, शेल्फं आहेत. लोखंडी, हिरवी, छतापर्यंत गेलेली. खालच्या दोन फळ्या पाण्यात बुडाल्या आहेत. हे ग्रंथालयाचं तळघर आहे, हे सर वासावरून ओळखतात. मुरलीचं वल्हं पुस्तकांच्या पाठींवर घासतं, तरी एकही पुस्तक पडत नाही.

"इथे लपून बसलास होय पस्तीस वर्षं," मुरली म्हणतो. "मी तिकडे बोट क्लबवर पोरांना शिकवत होतो. एकदा तरी यायचंस."

"यायचं होतं."

"माहितीये. तू काठावरच्या पिंपळापर्यंत यायचास आणि परत जायचास. सायकल दिसायची तुझी."

सरांचे कान तापतात. "तू हाक का नाही मारलीस?"

"हाक मारणं माझं काम आहे का?"

शेल्फं संपतात. बोट एका लांब टेबलाच्या कडेनं चालली आहे. टेबलावर हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या, तीन खुर्च्या. एका खुर्चीत सोनजे बसले आहेत आणि त्यांच्या पोटापर्यंत पाणी आलं आहे. ते कागदावर शिक्का मारतात, कागद पाण्यावर सोडतात, दुसरा घेतात.

"तुझ्या पोरांचा संघ बंद करताहेत," सर म्हणतात.

"ऐकलं."

"मुलींना न्याय द्यायचा म्हणून."

"मग द्यावा की. मीच दिला नाही तो. ती आहेरांची मृणाल रोज सकाळी सहाला यायची, सगळ्या पोरांच्या आधी. मी तिच्या हातात फडकं दिलं. बोट एकच धड होती गर्ग्या, आणि मला वाटलं, पोरगी आहे, महिनाभरात कंटाळेल." मुरली दोन वेळा वल्हं ओढतो. "नाही कंटाळली. मग मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटते म्हणून मी तिच्याशी बोलणंच टाकलं."

"हे तिला सांगितलंस?"

"तू सांगितलंस का, त्या फायनलचं?"

पाणी एकदम रुंद होतं. डोळ्यांत जाणारं ऊन. ही आंतरविद्यापीठ स्पर्धेची अंतिम फेरी आहे, बावन्न वर्षांपूर्वीची. पुढे काय आहे ते सरांना माहीत आहे. मार्ग आखायला पाण्यात बांबू रोवले आहेत. त्यातला एक कलून बरोबर त्यांच्या वाटेत आला आहे. तेव्हाही त्यांना तो दिसला होता. पण पाणी चकाकत होतं. सावली असेल, आपल्यालाच चुकीचं दिसत असेल, थांबा म्हणावं आणि तिथे काहीच नसलं तर चौघं काय म्हणतील, एवढा विचार करण्यात चार वल्ही होऊन गेली. मुरलीचं वल्हं बांबूवर आदळलं आणि त्याचा दांडा त्याच्याच बरगडीत बसला. काठावर आल्यावर मुरलीनं प्रशिक्षकांना सांगितलं, माझ्या हातून निसटलं. गर्ग्या बाजूला उभा होता. त्यानं तेव्हाही तोंड उघडलं नाही.

"काय दिसतंय पुढे?" मुरली विचारतो. वल्हं थांबत नाही.

"कदाचित सावली आहे."

"मला दिसत नाही रे. मला फक्त तुझं थोबाड दिसतं. दोन वर्षं तेच बघत आलो. तुझ्या थोबाडावरून मला कळायचं पुढे काय आहे ते." तो दम घेतो. "त्या दिवशीही कळलं होतं."

सर त्याच्याकडे बघत राहतात. "कळलं होतं? मग थांबला का नाहीस?"

"मी एकटा थांबून काय होतं? मागचे तिघं ओढत राहिले असते. बोट काय माझ्या समजण्यावर थांबते? हाकेवर थांबते. हाक तुझी होती. मी वाट बघत होतो."

"बरगडी मोडेपर्यंत?"

"तुला दिसलंय म्हणजे तू सांगशील, असं वाटलं मला. दुसरं काय."

यात राग नाही, हेच सरांना सोसत नाही. कुणी रागावलं असतं तर मान खाली घालता आली असती. कॉक्सला मान खाली घालता येत नाही. बांबू जवळ येतो आहे.

"मागे कोण बसलंय रे?" मुरली विचारतो. "हात नवे वाटतात. बोट वेगळी पळतेय."

सर त्याच्या खांद्यावरून बघतात. दुसऱ्या जागेवर एक मुलगा आहे, कोवळी मिशी फुटलेला. तिसऱ्या जागेवर एक मुलगी, ओठ दातांत धरून ओढणारी. आणि सगळ्यात पुढे, टोकाला, अठरा वर्षांची मृणाल आहेर. तिच्या मांडीवर पुसायचं फडकं आहे आणि दोन्ही हात वल्ह्यावर. तिचीही पाठ पुढे आहे. बांबूला सगळ्यात जवळ तीच आहे.

"सर," ती म्हणते, "काही दिसतंय का?"

"कदाचित..." सर म्हणतात, आणि तो शब्द त्यांच्या तोंडात जुन्या पानासारखा चुरा होतो. सोनजे कुठून तरी म्हणतात, काय म्हणालात सर? दोऱ्या हातांत आवळल्या जातात. मुरली ओढतो आहे, चष्म्याच्या काचांवर पाण्याचे थेंब आहेत आणि तो सरांच्या तोंडाकडे बघतो आहे, पूर्वी बघायचा तसा, काही न विचारता.

"धरा! वल्ही धरा! सगळ्यांनी!"

चारही वल्ही पाण्यात रुततात. बोट थरथरते. मुरलीच्या तोंडावर हसू येतं की ऊन, ते नीट कळत नाही.

दारात कुमुदताई उभ्या आहेत. हातात चहाचं भांडं तसंच आहे.

"कुणाला ओरडत होतात?"

सर उठून बसले आहेत. फाईल जमिनीवर पडून पानं पसरली आहेत. घसा चरचरतो आहे.

"समोरच्या पाठकांनी खिडकी उघडली," कुमुदताई म्हणतात. "सत्तेचाळीस वर्षं झाली लग्नाला. हा आवाज होता कुठे?"

सर हाताकडे बघतात. फाईलची लाल नाडी दोन्ही तळव्यांभोवती इतकी घट्ट आवळली आहे की बोटांची टोकं पांढरी पडली आहेत. कुमुदताई पुढे होऊन वेढे सोडवतात. खाली, दोन्ही तळव्यांवर, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत, तिरपा खोल वळ आहे. बोटीतून उतरल्यावर असायचा तसाच, त्याच जागी. सर तो चोळतात. जात नाही.

घड्याळात अडीच वाजले आहेत. सर पसरलेल्या पानांतून पान सतरा शोधून काढतात आणि फोन लावतात. फोनवर समोरचा माणूस त्यांना नेहमी दोनदा तरी सांगतो, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला.

"आहेर बाई, गर्गे बोलतोय. पान सतरा उघडा. तळाची ओळ."

"सर?" पलीकडून आवाज येतो. "जरा हळू. कानठळ्या बसल्या माझ्या."

सर हळू होत नाहीत. "चारही बोटी भंगारात जाणार आहेत. मग मुली बसणार कशात? मला हे सोमवारीच दिसलं होतं. मी बोललो नाही. बोटी ठेवा, आणि त्याच बोटींत मुलींना जागा द्या, मुलांबरोबर. तसं लिहिलंत तर सही करतो. भंगारावर करणार नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ काहीच नाही. पूर्वी अशा शांततेत सरांनी "काही नाही, राहू द्या" म्हणून फोन ठेवला असता. ते थांबतात.

"ही ओळ मी वाचलीच नव्हती," आहेर बाई शेवटी म्हणतात. "सर, हे सोनज्यांसमोर म्हणाल?"

"म्हणेन. आणखीही एक सांगायचंय तुम्हाला, बैठकीनंतर. मुरली बोडक्यांबद्दल. आणि एका फायनलबद्दल."

"या मग चारला. आणि सर, याच आवाजात बोला."

सर फोन ठेवतात. कुमुदताई चहा पुढे करतात. कप दोन्ही हातांत धरताना गरम कड बरोबर त्या वळावर येते आणि चांगलंच झोंबतं.