शनिवारच्या सिस्टर

दर शनिवारी दुपारी चार वाजता सिस्टरांचा मेसेज येई. त्यात नमस्कार नाही, उपदेश नाही. दोनच शब्द : "आज किती?" संध्याकाळी किती पेग घेणार तो आकडा शुद्धीत असतानाच कळवायचा. रविवारी सकाळी पुढचा प्रश्न : "खरं किती?" भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत बैठक जमवणाऱ्या आम्हां पोरांना बापाची नव्हती एवढी या दोन प्रश्नांची धास्ती होती.

आमची ओळख सरकारी दवाखान्यात झाली. अशाच एका बैठकीवरून परतताना मी मोटारसायकलवरून पडलो आणि हनुवटी फुटली. पट्टी बांधता बांधता सिस्टर म्हणाल्या, "मेल्या, हनुवटी शिवता येते. डोकं फुटलं असतं तर? नंबर सांग तुझा." हनुवटी त्यांच्या हातात असताना नाही म्हणायची सोय नव्हती. अशी बरीच पोरं त्यांनी गोळा केली होती.

त्यांचे मेसेज साधे, एसेमेसवर. व्हॉट्सअॅपवर त्यांचा विश्वास नव्हता. "तिथे सुप्रभातच्या गुलाबांखाली माझा प्रश्न गुदमरेल," म्हणायच्या. दवाखान्यातलं कुणी चिडवी, "आकडे कसले विचारता? पिऊ नका म्हणून सांगा की." त्यावर त्या शांतपणे म्हणत, "ते त्यांच्या आया रोज सांगतात. माझं जरा वेगळं असूंदे."

पहिल्या शनिवारी मी रुबाबात "शून्य" कळवलं. उत्तर आलं : "पाळता येईल तेवढंच सांग." मग चार म्हणालो, आणि झाले सहा. रविवारी खरा आकडा लिहून शिव्या खायच्या तयारीने बसलो. त्यांनी लिहिलं : "खरं सांगितलंस, बरं झालं. पाणी पी. पुढच्या वेळी आधी जेव, आणि चावी न पिणाऱ्याकडे दे." शिव्या परवडल्या असत्या. त्यानंतर आकडा हळूहळू उतरू लागला.

कसोटी लागली ती शिमग्यात. ग्रामदेवीच्या पालखीला आमच्या घरचा एक खांदा असतो. बाबांचे गुडघे गेले आणि ती जागा माझ्याकडे आली. पहिल्याच वर्षी मी झिंगून गेलो, पालखी कलली. गावकीतल्या अण्णांनी पुढच्या शिमग्याआधी बजावलं, "यंदा पिऊन आलास तर खांदा दुसऱ्याचा. तुज्या बापाला वाईट वाटेल, पन इलाज नाय." बाबा उठून अंगणात जाऊन बसले.

पालखीचा दिवस शनिवार नव्हता, तरी चारला प्रश्न आला. मी "शून्य" लिहिलं आणि आता नेहमीचं उत्तर येणार म्हणून वाट बघत राहिलो. आलं ते असं : "ठीक. बघायला येते."

घरामागे मित्रांनी बाटली उघडली होती. "एकाने काय होतंय," म्हणत कुणीतरी ग्लास हातात दिला. तेवढ्यात फोन वाजला. "आले. पालखी टेकवतात त्या सहाणेजवळ उभी आहे." मी ग्लास ठेवून दिला. ढोल वाजले, पालखी खांद्यावर आली, मनसोक्त नाचली आणि जराही कलली नाही. बाबा खुर्चीत बसून रडत होते. सगळा गाव देवीकडे बघत होता, सिस्टर माझ्या पायांकडे.

पुढे त्या निवृत्त होऊन चिपळूणला लेकीकडे गेल्या. शनिवारी चारला फोन गप्प असतो, त्याची मला अजून सवय झालेली नाही. फार आठवण येते. दर मोसमात त्यांच्या घरी आमच्या हापूसची पेटी जाते. यंदा पेटी पोचली आणि लेकीचा फोन आला, "आईची साखर वाढलीय. माझं ऐकत नाही. तूच बघ."

शनिवारी चार वाजता मी मेसेज केला : "सिस्टर, आज किती?"

"शून्य."

"पाळता येईल तेवढंच सांगा."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं : "एक."

रविवारी सकाळी विचारलं : "खरं किती?"

"अडीच. तुझ्याच झाडाचे होते ना, मेल्या."

मी लिहिलं : "खरं सांगितलंत, बरं झालं. पुढच्या वेळी पेटीची चावी लेकीकडे द्या."