पांढरा पडलेला कान

मी पहिल्यापासून उतावळी. चहासुद्धा निवू देत नाही, जीभ भाजून घेते. पनवेलच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत माझ्या हातून जी चूक झाली, ती या स्वभावामुळे आणि त्या वर्षांतल्या भारनियमनामुळे.

काम तसं सोपं होतं. उंदराच्या रक्तात चमकणाऱ्या कॅन्सरपेशी सोडायच्या, त्याला गुंगी द्यायची आणि कानातल्या बारीक रक्तवाहिनीवर लेसर धरायचा. पेशी उजेडाखालून गेली की पडद्यावर एक टोक उसळायचं. रक्त काढायची गरज नाही; नाक्यावर बसून गाड्या मोजाव्यात तशी टोकं मोजायची. निम्म्या उंदरांना पेशी मारणारं नवं औषध दिलेलं, निम्म्यांना नाही.

उंदीर सांभाळायला उरणकडच्या एक मावशी होत्या. पूर्वी मासळी विकायच्या. त्यांच्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे रोज विचारायच्या, "लागू पडतंय का गो बाय?"

मला औषधवाल्या उंदरांचीच उत्सुकता. म्हणून सकाळी आल्या आल्या ते घ्यायचे, बाकीचे दुपारी. तीन आठवडे औषधवाल्यांची टोकं निम्म्याहून कमी आली. प्रयोगशाळेच्या सरांच्या आधी मी मावशींनाच सांगून टाकलं, "पडतंय लागू!" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डबाभर तळलेली मांदेली आणली. भावाला सांगितलं होतं. तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला होता.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी यंत्राखालचा उंदीर उचलताना मावशी थबकल्या. मासळी घेताना कल्ले उघडून बघतात, तसा त्यांनी त्याचा कान उजेडात धरला.

"यो कान पांढरा हाय. दुपारच्यांचा लाल असतो. यात रगत जातंय कुठं?"

दुपारी लाइट जायची. यंत्र इन्व्हर्टरवर चालायचं, एसी नाही, त्यामुळे खोली तापायची. सकाळी मात्र एसीमुळे ती गारठलेली असायची. गारठ्याने कानातल्या रक्तवाहिन्या आकसल्या, रक्तच कमी वाहिलं, तर पेशी दिसणार कुठून? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण निकाल हवा तसा येत होता, मग कोण कशाला कान बघतंय.

आठवडाभर सगळे उंदीर उबदार गादीवर ठेवून, दोन्ही गट सकाळी-दुपारी आलटूनपालटून तपासले. दोन्ही गटांची टोकं सारखीच निघाली.

मावशी शेजारीच उभ्या होत्या. "म्हंजे लागू नाय पडलं?"

"नाही, मावशी. मी घाईने बोलले. चुकलं माझं." मला त्यांच्याकडे बघवेना, इतकी लाज वाटत होती.

त्यांनी पिंजऱ्याला पाण्याची बाटली लावली. "मी कान दाखवला नसता तं?"

"तर तसंच लिहून दिलं असतं."

"मग बरा झाला. खरा काय तां लिव. भावाला मी सांगन."

त्यानंतर त्यांनी औषधाबद्दल कधी विचारलं नाही. पण लेसरखाली ठेवण्याआधी प्रत्येक उंदराचा कान त्या उजेडात धरून बघायच्या, आणि मग मान हलवून माझ्या हातात द्यायच्या.