ते बाळसं नव्हतं

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पोटच्या पोराला नाही, देवाला तर मुळीच नाही. त्याला काय सांगायचं, तो बघतच होता. तुम्ही ना माझ्या नात्यातले, ना गावातले, म्हणून तुमच्यापुढं बोलते आहे. मध्येच अडखळले तर जरा थांबा.

लढाईची सालं होती ती. कोरेगावजवळच्या आमच्या घरात चूल माझ्या ताब्यात, कारण मी थोरली सून. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना डोळ्यांनी नीट दिसेनासं झालेलं. धाकटा दीर पलटणीत. त्याची बायको सखू आणि त्यांचा बाळू, नुकता चालायला लागलेला. माझा एकुलता मारुती तालमीत जायचा. सांगलीच्या मैदानात त्याची कुस्ती लागायची होती, आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. दावणीला एक म्हैस होती. तीही दिराच्या पगारातून घेतलेली. बरं का — दिराच्या.

दीर सुट्टीवर येऊन गेला आणि सखूला दिवस गेले. आमच्याकडं मानतात, की पोटुशी बाईचं दूध अंगावरच्या पोराला बाधतं. आत्याबाईंनी लगेच बाळूचं अंगावरचं दूध तोडायला लावलं आणि मला म्हणाल्या, "आता त्येला म्हशीचं दे." वाढायची पळी माझ्याच हातात होती ना!

मग मी काय केलं? सांगते. दूध सगळं मारुतीच्या तांब्यात ओतायचे. रिकाम्या भांड्यात पाणी घालून खळखळून विसळायचे, आणि ते पांढरट पाणी बाळूच्या वाटीत. लांबून दूधच वाटायचं. आमटीच्या तळाची डाळ मारुतीच्या ताटात, वरचं पाणी बाळूच्या भाकरीवर. त्या दिवसांत डाळ मिळायची मारामार, हे खरं — पण जी मिळायची ती कुणाच्या पोटात गेली? बरं, मारुतीला तरी तेवढं झेपत होतं का? त्याचं पोट गच्च व्हायचं, जीव नको नको व्हायचा. कितीदा तरी तो उरलेला तांब्या गोठ्यामागं उकिरड्यावर ओतून द्यायचा. मी डोळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच दिलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं — ही म्हण ज्यानं केली, त्यानं माझ्यासारखीच कुणी पाहिली असणार.

बाळूचे गाल भरले. पायातले वाळे रुतायला लागले. आत्याबाई त्याच्या अंगावरून हात फिरवून म्हणायच्या, "लय बाळसं धरलंय गं पोरानं! तीट लाव, दृष्ट लागंल." सखू हरखायची. मी तीट लावायचे.

पण माझं माहेर आटपाडीकडचं, कोरड्या मुलखातलं. दुष्काळात उपासमारीनं अशी सुजून फुगलेली पोरं मी लहानपणी पाहिली होती. एकदा बाळूच्या पायावर बोट दाबून बघितलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. केस तांबूस झाले होते. पोर खेळेना, नुसतं एका जागी बसून राहायचं. मला कळलं नाही असं म्हणू? कळलं. त्याच क्षणी कळलं. तरी वाटी भरली नाही. मारुतीचं मैदान तोंडावर आलं होतं. एवढं होऊ दे, मग देऊ, असं मी रोज मनाशी म्हणत होते.

एका दुपारी कडब्याच्या गंजीआड सखू बाळूला पाजताना मला सापडली. भेदरली बिचारी. "आक्का, वाटीनं भागत न्हाई वो त्येचं. आत्याबाईस्नी सांगू नगा." त्या घरात त्या पोराच्या पोटात खरं असं तेवढंच जात होतं, आणि हे ठाऊक असलेली मी एकटी. मी काय केलं असेल? आत्याबाईंना सांगितलं. पोरानं कडू लागून तोंड लावू नये म्हणून तिच्या छातीला लावायला कडुलिंबाचा पाला वाटून दिला, तोही मीच.

थोड्याच दिवसांत बाळूला हगवण लागली आणि तो गेला.

बायका जमल्या. एवढं बाळसेदार पोर गेलं कसं, असं जी ती विचारायला लागली. कुणी मला विचारलं नव्हतं, मी आपण होऊन बोलले, "पोटुशी असून चोरून पाजत हुती." सगळ्यांना पटलं. सखूलासुद्धा पटलं. दीर परत आला, तो कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. पुढं तिला मुलगी झाली, तेव्हा पान्हा फुटला की ती कोपऱ्यात जाऊन दूध भिंतीवर पिळून टाकायची. मुलगी शेळीच्या दुधावर कशीबशी वाढली.

आणि मारुती? सांगलीच्या मैदानात उतरल्या उतरल्या चीत झाला. नंतर तालीमच सोडली. आता नातवंडं खेळवतो.

सखू परवाच्या थंडीत गेली. शेवटचं सगळं मीच केलं तिचं. जावा असाव्यात तर अशा, असं गाव म्हणतं. एका सकाळी तिनं माझा हात धरला. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"आक्का, म्या पाजलं नसतं, तर जगला असता का वो त्यो?"

तुझ्या दुधानं नाही गं, एवढंच म्हणायचं होतं. आत्याबाई कधीच गेल्या, दीर गेला, माझा नवरा गेला. भ्यायचं तरी कुणाला होतं? तरी मी म्हणाले, "जगला असता."

तिनं मान डोलावली. "तुमी तवाच आडवलं हुतं मला," ती म्हणाली. "म्याच आदी आत्याबाईंचं ऐकलं न्हाई."

मी ते ऐकून घेतलं.