गोठ्याच्या खुंटीवरची थाळी

पहाटे चारला हंसाबाई उठली आणि जात्यावर बसली. लॉकडाऊनमुळे गिरणी बंद होती. माळ्यावर धूळ खात पडलेलं जातं तिनं खाली उतरवून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी जातं ओढायचं म्हणजे खांदा भरून येतो, तळहाताची साल निघते. पायलीभर ज्वारी दळून झाली तेव्हा बाहेर उजाडलं होतं. मग तिनं चूल पेटवली आणि हातावर थापून भाकरी केल्या. पातळ, कडेपर्यंत सारख्या. हे सगळं एका माणसासाठी, आणि तो माणूस दोन दिवस त्या भाकऱ्या न शिवता परत पाठवत होता.

तो माणूस म्हणजे तिचा पोरगा बबलू. पुण्याकडे बांधकामावर होता. काम बंद पडलं, ठेकेदारानं फोन उचलणं सोडलं, तेव्हा थोडं चालत, थोडं मिळेल त्या ट्रकवर बसून तो बोरी अरबजवळच्या आपल्या तांड्यावर आला. त्याच्याबरोबर तांड्यातली आणखी तिघं होती. चौघांना वेशीवरच अडवून जिल्हा परिषदेच्या शाळेत कोंडलं. चौदा दिवस. शाळेला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप.

त्याच शाळेत हंसाबाई एरवी पोरांची खिचडी शिजवायची. आता या चौघांची शिजवत होती. ग्रामसेवक अतुल रोज मोजून तांदूळ-डाळ द्यायचा. त्यात जेवढं पाणी घालावं तेवढी खिचडी. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. फाटकाबाहेर वर्गातला एक बाक ठेवला होता. त्यावर अन्न ठेवायचं, मागं सरायचं, मग आतल्यांनी फाटकाच्या फटीतून ओढून घ्यायचं. विटा वाहून ज्यांच्या पाठीची साल गेली, त्या माणसांना असं जेवू घालतात?

आणि वरून रोज सकाळी तो भोंगा लावलेला ऑटो यायचा. "नागरिकांनो, समतोल आहार घ्या. फळे, सुकामेवा खा. मन प्रसन्न ठेवा. कुटुंबासोबत आनंदाने वेळ घालवा."

"सुकामेवा!" हंसाबाई रस्त्यावर येऊन ओरडली. "अबे, तुह्या मायनं तरी पाह्यला काय सुकामेवा? आन् कुटुंब तं तुम्ही तारेच्या मांगं कोंडलं!"

ऑटोवाला न थांबता पुढं गेला. भोंग्याला कुठं कान असतात.

खिचडीनं मेहनती माणसाचं पोट भरत नाही, म्हणून तिनं घरची भाकरी द्यायची ठरवलं. अतुलनं नाक मुरडलं.

"द्या बापा, पण घरचं भांडं एकदा आत गेलं की परत घरात न्यायचं नाही. बाहेरच वेगळं ठेवायचं. नियम आहे."

घरात मोजून चार थाळ्या होत्या. त्यातली एक कायमची बाहेर टाकायची हे तिच्या जिवावर आलं. गोठ्याच्या खुंटीवर एक जुनी अॅल्युमिनियमची थाळी लटकत होती. काठाला चेप आलेली. ती तिनं घासली, भाकरी वाढली, वर लसणाची चटणी आणि कांदा ठेवला, फडकं बांधलं आणि बाकावर ठेवून आली.

पहिल्या दिवशी ती तशीच परत आली. दुसऱ्या दिवशीही. खिचडीही बबलू खात नव्हता, हे आतल्या एका पोरानं ओरडून सांगितलं. "काकी, हा भिताडाकडं तोंड करून पडून राह्यते. बोलत नाही, चालत नाही."

हंसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं दळायचं, थापायचं, आणि यानं नखरे करायचे? तिसऱ्या दिवशी ती बाकापाशी थांबलीच नाही. कुंपणाला वळसा घालून वर्गाच्या खिडकीसमोर गेली.

"बबलू! ऊठ. काहून जेवून नाही राह्यला? पुण्याचं पाणी लागलं काय तुले? मायची भाकरी गोड लागत नाही आता?"

खिडकीत तो आला. गालफडं बसलेली. केस राठ. तिला पाहून त्यानं मान खाली घातली.

"याडी," त्यानं आईला तांड्याच्या बोलीत हाक मारली, "मले काकाची थाळी पाठवली तुम्ही."

तिला क्षणभर कळलंच नाही.

"पंचाईत बसली होती काय?" त्यानं विचारलं. "मले वेगळं टाकलं काय तांड्यानं? तेवढं सांग. मंग मी आलो तसा निंगून जातो."

तेव्हा कुठं तिला उमगलं.

काका म्हणजे इंद्रजीत, तिचा धाकटा दीर. त्यानं दुसऱ्या जातीतली बायको केली म्हणून पंचांनी त्याला वाळीत टाकलं होतं. बायको पुढं तापानं गेली, तरी पंचांनी त्याला परत घेतलं नाही. त्यांच्यात घरचे पुरुष एका मोठ्या थाळीभोवती बसून जेवतात. वेगळी थाळी मिळाली की माणूस घरातून उठला. इंद्रजीत गोठ्याजवळच्या छपरात एकटा जेवायचा. त्याची थाळी खुंटीवर असायची आणि ती नेऊन द्यायचं काम लहानपणी बबलूकडं होतं. थाळी काकाच्या हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची, असं त्याला शिकवलेलं. काका मेला तेव्हाही ती थाळी कुणी घरात घेतली नाही. तो चेप पोरगा कसा विसरेल? एकदा थाळी आपटली होती ती त्याच्याच हातून.

भांडं ते भांडं, असं समजून हंसाबाईनं ती उचलली होती. बाकावर ठेवून मागं सरली होती. जसं इंद्रजीतला वाढायचे, अगदी तसं.

घरी येऊन ती रडली नाही. संतापली. त्या नियमावर, अतुलवर, मेलेल्या पंचांवर, आणि ओट्यावर बिडी ओढत बसलेल्या नवऱ्यावर.

"तुह्या भावाले जनावरावानी वाढलं आपण," ती शंकरसिंगला म्हणाली. "आन् आता तुहा पोरगा त्याच थाळीपायी उपाशी मरून राह्यला. बिडी ओढ तू."

शंकरसिंगनं बिडी ओट्यावर घासून विझवली.

तिनं इंद्रजीतची थाळी राखेनं घासली, उकळत्या पाण्यात बुडवून काढली, पुन्हा घासली. हातावरचे फोड फुटले तरी घासली. दुपारी तिनं घरातली चांगली पितळी थाळी घेतली, तिच्यात बबलूची भाकरी वाढली आणि बाकावर ठेवली. मग कुंपणाच्या अलीकडं, त्याच्या खिडकीसमोर, रणरणत्या उन्हात मांडी घालून बसली. समोर चेपलेली थाळी. त्यात स्वतःची भाकरी.

"हे पाह्य," तिनं थाळी उचलून त्याला दाखवली. "ही माही हाय आता. मी जेवून राह्यली हिच्यात. तुह्यापाशी घरची हाय. खाय."

अतुल धावत आला. "हंसाबाई, काय तमाशा लावला हा? उठा! ते भांडं आतून आलेलं आहे. गावाला रोग लावता काय?"

"उकळून आणलं, साहेब. तुमच्या खिचडीपेक्षा जास्त उकळलं."

"मला वर रिपोर्ट करावा लागेल."

"करा. माह्या पोरानं तीन दिस घास नाही घेतला, हे बी करा त्यात. मन प्रसन्न ठेवा मनता ना? मंग ठेवू द्या."

अतुल आणखी काही म्हणणार होता, पण मागून शंकरसिंग आला. तोंडाला गमछा बांधलेला, हातात पाण्याचा लोटा. त्यानं गमछा सोडला, बायकोशेजारी बसला आणि इंद्रजीतच्या थाळीतली भाकरी मोडली. भाऊ जिवंत असताना ज्या थाळीला त्यानं बोट लावलं नव्हतं, तिच्यात त्यानं चटणी कालवली. घास गिळायला त्याला वेळ लागला.

मग खिडकीकडं न पाहता तो म्हणाला, "चटणी तिखट झाली बे. तुह्या मायनं राग कुटला यात."

आत हालचाल झाली. फाटकाच्या फटीतून एक हात आला आणि पितळी थाळी आत गेली. थोड्या वेळानं बबलू खिडकीत येऊन बसला. मांडीवर थाळी. त्यानं पहिला घास घेतला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"तिखट तं हायच," तो म्हणाला.

अतुल तिथंच उभा होता. मग घड्याळ पाहत निघून गेला. रिपोर्ट केला की नाही, कुणाला कळलं नाही. त्यानंतर रोज दुपारी नवराबायको दोघं कुंपणापाशी जेवले. दुसऱ्या पोरांच्या आयाही आपापल्या थाळ्या घेऊन, अंतर सोडून बसू लागल्या. भोंग्याचा ऑटो शेजारून जायचा. त्याच्याकडं कुणी मान वळवत नसे.

त्या शाळेतल्या स्वयंपाकाची मजुरी हंसाबाईला दिवाळीच्या तोंडावर मिळाली. एरवी मुकादमासारखी घासाघीस करणारी बाई त्या दिवशी बोरी अरबच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात शिरली आणि एकेक परात बोटानं वाजवून पाहू लागली. दुकानदारानं हलकी परात पुढं केली, तशी तिनं ती परत सारली.

"पत्रा नको दाखवू. चार जण वाकून बसले तरी हलली नाही पाह्यजे."

शेवटी तिनं जड पितळेची परात घेतली. डोक्यावर ठेवून तांड्यापर्यंत चालत आणली. त्या संध्याकाळी शंकरसिंग, बबलू आणि ती तिच्याभोवती बसले. चौथ्या बाजूला जागा मोकळी ठेवली होती. तिथं परातीच्या काठाला टेकून, चेपलेल्या थाळीत इंद्रजीतचा घास वाढलेला होता.