तांदूळ कशासाठी हवाय

मामीच्या तांदळाची वेबसाइट मी अंगावर घेतली, कारण त्या वर्षी मला जमेल असं आणि कुणाशी बोलावं लागणार नाही असं तेवढंच काम समोर होतं. कॉलेज संपलं होतं. कर्जतच्या घरी बसून मी नोकरीचे अर्ज भरायचे आणि मुलाखतीचा फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे.

मामी जवळच कडावला राहते. मामा गेल्यापासून भाताची शेती आणि अंगणाच्या कडेची छोटी गिरणी तीच बघते. पण तिचा गुडघा धरला आणि कर्जतच्या बाजारात तांदूळ घेऊन बसणं बंद झालं. होळीपर्यंत घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर गिरणीची शेड एका टेंपोवाल्याला भाड्यानं द्यायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हे सांगताना ती शेडकडे बघायची नाही.

"तुज्या इंग्लिश मीडियमचा कायतरी उपेग होऊ दे गं," ती म्हणाली.

मी व्हिडिओ बघून शिकत गेले. आधी साइटचं नाव घ्यायचं, आणि ते दरवर्षी पुन्हा घ्यायचं. नाव म्हणजे नुसती पाटी. पाटीमागची जागा वेगळी, तिला होस्टिंग म्हणतात.

"म्हंजे तिथं पण भाड्याचीच जागा?" मामीनं विचारलं.

मग पानं ठरवली. आपण कोण, काय विकतो, कसं मागवायचं. लोक मोबाइलवर बघतात आणि फार थांबत नाहीत, म्हणून फोटो हलके हवेत. सुपात तांदूळ घेऊन मी दाराच्या उजेडात फोटो काढले. मामी म्हणाली, "मी नको त्यात." तिचे हात तेवढे आले. फोन नंबर मी टाकलाच नाही. त्याऐवजी एक हिरवं बटण ठेवलं: 'मागवा'. कुणालाही कुणाशी एक शब्द बोलायची गरज नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

मामीनं बटणावर बोट ठेवलं. "ह्ये दाबलं की?"

"ऑर्डर येते."

"आन् मी इचारू कधी?"

"काही विचारायचंच नाही मामी. तेच तर सोपं आहे."

तिनं बोट काढून घेतलं. मला वाटलं, पटलं.

पहिल्या आठवड्यात शेलूच्या एका नव्या सोसायटीतून तीन ऑर्डरी आल्या. पिशव्या मीच नेल्या आणि वॉचमनकडे ठेवून परत आले. चार दिवसांनी साइटवर एका बाईंनी इंग्रजीत लिहिलं: लगदा झाला, मुलाच्या वाढदिवसाचा पुलाव फेकावा लागला, पुन्हा घेणार नाही.

तो मजकूर पुसायची सोय माझ्याकडे होती. मी पुसला नाही आणि मामीला सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "तांदळाला कोण काय बोललं का गं?" मी मराठी करून वाचून दाखवलं.

मामी पोत्यावर बसली. "फेकला? माज्या तांदळाला आजवर कुणी नाव ठेवलं नाय." मग म्हणाली, "बंद कर ते. शेड देऊन टाकते मी."

मी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आधी फोन लाव तिला."

"मेसेज करते ना."

"मेसेज नको. फोन."

ऑर्डरीवर बाईंचा नंबर होता. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं, चार वाक्यं. दुसऱ्या वाक्यालाच बाई सुरू झाल्या. पंधरा पाहुणे होते, सासूसमोर शोभा झाली. मला पुढचं वाचता येईना. मामीनं माझ्या हातातून स्पीकरवरचा फोन घेतला.

"अगो बाय, नवा तांदूळ तो! त्याचा पुलाव कोण करतं?"

"मग साइटवर लिहायचं ना तसं!"

"लिवणारी माजी भाची. तिला बोलायची भीती, म्हणून कुणाला काय इचारलंच नाय तिनं."

माझे कान गरम झाले. पलीकडे बाई हसल्या.

"उरलाय का थोडा? त्यो दळून आण, भाकऱ्या कर. तडकल्या तर मला बोल. पुलावाला जुना धाडते."

मामी बाजारात समोर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायची, ते मी लहानपणापासून ऐकत होते. भात करायचा का भाकऱ्या? गरम खाता का डब्यात नेता? घरात म्हातारं कोण हाय? उत्तरं ऐकून ती नव्याच्या किंवा जुन्याच्या पोत्यात माप घालायची. मी त्याला गप्पा समजत होते.

दुसऱ्या दिवशी हिरवं बटण काढून तिथं ते तीन प्रश्न मामीच्या शब्दांत टाकले. खाली माझा नंबर दिला, कारण मामी शेतावर जाताना फोन घरीच विसरते. जास्त रकाने ठेवले की लोक निघून जातात, असं सगळे व्हिडिओ सांगतात. काही जण गेलेही. राहिले ते मात्र भरभरून लिहायला लागले. 'सासऱ्यांना दात नाहीत, पण मऊ भात वाढला की रागावतात,' असं एकीनं लिहिलं. मामीनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "जुना दे, पाणी अंमळ जास्त घालायला सांग. म्हाताऱ्याला सांगू नको म्हणावं."

शेलूच्या बाईंनी आपला पहिला मजकूर ठेवला आणि खाली भाकऱ्यांचा फोटो लावला. एक भाकरी कडेला जळली होती. मामीला तीच आवडली.

होळीनंतर टेंपोवाला शेड बघायला आला. मामीनं त्याला चहा दिला. "शेड यंदा नाय देत. पण तुजा टेंपो शेलूवरनं जातो ना रं? रविवारी माज्या पिशव्या टाकशील?"

तो हिशेब लावत असताना माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी बघत राहिले.

"उचला की ताई," टेंपोवाला म्हणाला, "कवापासून वाजतोय."

मी उचलला आणि विचारलं, तांदूळ कशासाठी हवाय.