पाण्यावरचा मोर

शेजारच्या मंगलाकाकूंनी परातीतल्या पाण्यावर कोळशाची पूड चाळली आणि त्या काळ्या थरावर रांगोळीचा मोर काढला. त्यांची नवी सून भांडी घासता घासता बघायला आली. कौतुकानं तिनं मोराच्या तुऱ्याला बोट लावलं. बोटाला साबण होता. क्षणात मोर फाटून परातीच्या कडेला गेला. सून रडवेली झाली. काकू आता काय बोलतात, म्हणून मीही धास्तावले.

पूड पाण्यात बुडत नाही, भिजतही नाही. पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर कण नुसते टेकून राहतात; साबण लागला की तिथला ताण सैल पडतो आणि कण कडेला ओढले जातात. नव्या घरातली मुलगीही काही दिवस अशीच असते. एखादा शब्द तिला कडेला लोटायला पुरतो.

काकूंनी परात मोरीत ओतली, ताजं पाणी भरलं आणि म्हणाल्या, "हात नीट धुऊन ये गं. आता मोर तू काढ."