सहकुटुंब, सहपरिवार

शुभेच्छा देणं हे व्यवसाय करणाऱ्या माणसाचं पहिलं कर्तव्य आहे, आणि गेली अकरा वर्षं मी ते एकाही दिवाळीला चुकवलेलं नाही. भोकरदनला माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. बाकीच्या कर्तव्यांबद्दल माझ्या बायकोला विचारावं.

तिनं फ्रिजवर यादी चिकटवली होती. टाकी धुणे. गॅसची नळी बदलणे. केदारखेड्याला भेटून येणे.

केदारखेड्याला माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. वीस वर्षांपूर्वी त्याच्या विहिरीवरची मोटार मी बसवली, तेव्हापासूनची ओळख. मी गेलो की त्याची बायको जेवल्याशिवाय सोडत नसे. हात ग्रीसनं काळे असले तर तीच साबण आणि तांब्या घेऊन उभी राहायची. श्रावणात ती वारली. मी अर्ध्या तासाच्या अंतरावर होतो. पहिल्या दिवशी दुकानात गर्दी होती, हे खरं आहे. दहाव्याला नव्हती. मग तेरावा झाला, आणि त्यानंतर इतक्या उशिरा काय तोंडानं जायचं, हा प्रश्न मला रोज पडू लागला. त्यामुळे उशीर आणखी वाढला.

या काळात मी कार्डांत गुंतलो होतो. तासाभराचं काम मी दीड महिना पुरवलं. कागद चकचकीत की साधा, पणती डावीकडे की उजवीकडे, यावर मी विचार केला. चौकातल्या फलकांवर पन्नास शुभेच्छुकांचे चेहरे पाहून मी नाक मुरडतो. माझ्या कार्डावर मोटार पणतीपेक्षा मोठी छापली होती. संध्याकाळी दमल्यामुळे विनोदी सिनेमे बघायचो. एकजण खोटं बोलतो, ते झाकायला दुसरा बोलतो आणि शेवटी सगळे एकाच खोलीत सापडतात, अशा धाटणीचे. बायको समोरून दोनदा जायची. एकदा यादीकडे बघायची, एकदा माझ्याकडे. त्याआधी, दहाव्याच्या सुमारास, ती दोन दिवस हसनाबादला माहेरी जाऊन आली, तेव्हा मी सलग पाच सिनेमे पाहिले.

कार्डं टपालात टाकली त्या दिवशी जेवताना, सिनेमात सगळे स्विमिंग पुलात पडत असताना, मला माझा मजकूर आठवला. 'आपणांस सहकुटुंब, सहपरिवार दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.' जुन्या वहीतली नावं मी ओळीनं उतरवली होती. त्याचंही. आमच्याकडे जुनी माणसं अजून बायकोला 'कुटुंब' म्हणतात. तोही म्हणतो. 'कुटुंबानं भाकरी टाकलीय, हात धुवा,' हे मी वीस वर्षं ऐकलं होतं.

टपाल निदान आठ दिवस घेईल, या आशेवर मी तिसऱ्या दिवशी निघालो. दोन दिवस का थांबलो, ते सांगण्यासारखं नाही.

तो ओसरीवर एकटाच कापूस निवडत बसला होता. घर झाडलेलं होतं, पण भांडी पुरुषानं लावल्यासारखी, मोठ्यावर छोटं न बसता, नुसती ओळीत होती. कोनाड्यात तिचा फोटो होता आणि फोटोला टेकवून माझं कार्ड.

मी बसलो. माझी नजर कुठं आहे ते त्यानं पाहिलं.

"काल आलं," तो म्हणाला. "सहकुटुंब लिव्हलंय. मंग तिच्यासमोर बसून वाचून दाखवलं. म्हणलं, दोघांला हाय."

मी म्हणालो, दादा, चूक झाली, मी आधी यायला पाहिजे होतं. त्यानं हात हलवला.

"आता कसं येणार होते तुम्ही? वहिनी आल्त्या ना दहाव्याला. सांगितलं त्यांनी सगळं. मी म्हणलं, बिलकुल उठू देऊ नका." मग तो जरा पुढं सरकून माझ्या डोळ्यांत बघायला लागला. "पिवळे न्हाई राह्यले आता. बरं हाय का?"

हसनाबादची बस केदारखेड्यावरून जाते, हे मला माहीत होतं.

बरं आहे, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बहिणीनं पाठवलेल्या शेवेची ताटली त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि लगेच परत उचलली, तेलकट नको म्हणून. कावीळ एकदा गेली की उलटते, त्याच्या मेव्हण्याची उलटली होती, असं तो सांगत राहिला. बायको गेलेला माणूस तासभर माझ्या यकृताची काळजी करत होता, आणि मी मान हलवत होतो. हात मी स्वतःच धुतले. ते मळलेले नव्हते.

निघताना त्यानं शेतातला ऊस तोडून, सहा कांड्यांची मोळी सुतळीनं बांधून दुचाकीवर दिली. काविळीला ऊस चांगला.

घरी बायकोनं दारात मोळी पाहिली. आत जाऊन यादीतली तिसरी ओळ खोडली.

टाकी अजून धुवायची आहे.